आतून लागते ती कल्हई

हा भाग मी कंधारहून, आमच्या घरामागच्या अंगणातून रेकॉर्ड केलाय. सुरुवातीला जो फुस्स-फुस्स आवाज ऐकलात, तो भात्याचा आहे. हेडफोन लावले असतील तर त्याच्या मागे कोळसे तडतडताना पण ऐकू येतील. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखं सगळं लिहून टाकतोय. बोलताना राहिलेल्या दोन-चार गोष्टी यात जास्तीच्या आहेत.

आजचा विषय माझ्या एका चुकीतून निघालाय, म्हणून आधी ती चूक सांगतो.

आमच्या माळ्यावर आजीचं एक पितळेचं भगुनं पडून होतं. पुण्या-मुंबईकडचे लोक ज्याला पातेलं म्हणतात, ते. आजीच्या लग्नात माहेरच्यांनी दिलेलं, काठावर ठोकून नाव घातलेलं. बाहेरून काळं आणि आतून पिवळं पडलेलं. आता पितळेची, तांब्याची भांडी परत फॅशनमध्ये आलीत, तुम्ही बघताच. मला जुन्या वस्तू दुरुस्त करायचा नाद आहे. एक कंदील झाला, एक शिलाई मशीन झालं, म्हटलं आता हे भगुनं. फोनवर चार व्हिडिओ बघितले आणि घरीच कल्हई करायची ठरवली.

चिंच आणि राखेनं भांडं घासलं. अंगणात खड्डा केला, कोळसे पेटवले, भात्याच्या जागी हेअर ड्रायर लावला. नवसागर आणला. कथील मात्र कुठं मिळेना, तेव्हा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानातून सोल्डरची तार आणली. चकाकणारी, पटकन वितळणारी. वेष्टनावर ६०/४० छापलेलं. ते मला तारेचं माप वाटलं. भांडं तापलं, नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, तार टेकवली आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवली. आणि खरं सांगतो, चांदीसारखं लख्ख झालं भगुनं! व्हिडिओतल्यापेक्षा भारी.

आजीला दाखवलं. तिनं आतून बोट फिरवलं आणि एकच विचारलं, "कथील कुठून आणलास रे?"

मी दुकान सांगितलं. ती काही बोलली नाही, पण त्यात ताकाची कढी करायचं ठरलं होतं ते तिनं रद्द केलं. म्हणाली, "आधी चाचांना दाखव."

चाचा काय म्हणाले ते सांगतोच. पण ते कळायला कल्हई म्हणजे नेमकं काय आणि ती आपल्याकडं कुठून आली, हे आधी बघावं लागेल.

आपल्या भाषेत एक क्रियापद आहे, कळकणे. "ताक कळकलं", "आमटी कळकली". आता तुमच्यापैकी किती जणांनी हा शब्द वापरलाय माहीत नाही, कारण स्टीलच्या भांड्यात काही कळकत नाही. तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात ताक, चिंच, टोमॅटो असं काही आंबट ठेवलं की आम्ल तांब्याला खातं आणि तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. चव तुरट, कडवट होते, मळमळतं, उलट्या होतात. तेच कळकणं. पिण्याच्या पाण्याच्या तांब्याच्या हंड्याला आतून कल्हई नसते, कारण साध्या पाण्यात आंबट काही नसतं. स्वयंपाकाच्या भांड्याला मात्र लागतेच. कथील हा धातू आंबटाला तांब्यापेक्षा खूपच चांगला दाद देत नाही, आणि जो थोडाफार उतरतो त्याचा तेवढा त्रास होत नाही. म्हणून तांब्याच्या आत कथलाचा पातळ थर, एवढीच कल्हईची कल्पना.

कल्पना जुनी आहे. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलंय की भांड्याला कथलाचा थर दिला की चव सुधारते आणि ताम्रविषाला आळा बसतो. आपला 'कल्हई' हा शब्द मात्र दुसऱ्या वाटेनं आला, आणि ती वाट मला कंधारात बसून फार जवळची वाटते.

अरबीत कथलाला 'क़लई' म्हणतात. हे नाव पडलं 'कलह' या बंदरावरून. हे ठिकाण मलय द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या मलेशियातल्या केदाहच्या आसपास असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सिराफचा अबू झैद हा लेखक इसवी सन ९१६ च्या सुमारास लिहितो की कलहला अगरू, कापूर, चंदन, हस्तिदंत आणि क़लई कथील यांचा मोठा व्यापार चालतो. जसं आपण कोल्हापुरी चप्पल म्हणतो, तसं ते 'कलहचं कथील'. नंतर पोर्तुगीजांनी हाच शब्द उचलला आणि त्याचं 'कलाईं' केलं.

आता त्याच काळात आपल्याकडं काय चाललं होतं? राष्ट्रकूटांचं राज्य. अरब प्रवासी त्यांच्या राजाला 'बल्हारा' म्हणायचे, म्हणजे वल्लभराज. याच ९१६ च्या सुमारास अल-मसुदी हा प्रवासी सैमूरला, म्हणजे कोकणातल्या चौलला आला होता. तो लिहितो, बल्हाराच्या राज्यातल्या या बंदरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. आणि आमचं कंधार हे त्याच राष्ट्रकूटांचं महत्त्वाचं ठाणं. इथं सापडलेला कृष्ण तिसरा याच्या काळातला शिलालेख 'जगत्तुंगसमुद्र' नावाच्या तलावाचा उल्लेख करतो. कृष्ण तिसऱ्याचा काळ ९३९ ते ९६७. आज आम्ही त्या तलावाला जगतुंग सागर म्हणतो आणि संध्याकाळी तिथं फिरायला जातो.

म्हणजे हजार वर्षांपूर्वी ज्या राजाचा तलाव इथं भरत होता, त्याच्याच बंदरात 'क़लई' हा शब्द बोलणारे व्यापारी राहत होते. पुढं बहमनी आले, बीदरचे बरीदशाही आले, निजामशाही, मुघल आणि शेवटी हैदराबादचा निजाम. फारसी आणि दखनी इथल्या बाजाराची भाषा झाली. दखनीत 'क़'चा 'ख' होतो. क़िस्मतची खिस्मत होते, क़लमचं खलम. म्हणून आमचे चाचा आजही 'खलई' म्हणतात, आणि आजी 'कल्हई'. शब्द एकच, फक्त दोन दारांनी घरात आलेला.

मला सगळ्यात आवडलेला पुरावा अकबराच्या मुदपाकखान्यातला आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी' लिहिलं. त्यात तो नोंदवतो की बादशहाच्या वापरातल्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई होते, शहजादे वगैरेंच्या भांड्यांना महिन्यातून एकदा.

इथं जरा थांबा आणि विचार करा. अबुल फजलनं किती भांडी ते नाही सांगितलं, किती दिवसांनी ते सांगितलं. कारण कल्हई झिजते. घासताना झिजते, डावानं खरवडताना झिजते, आंबटानं झिजते. ती एकदा करून संपत नाही. आणि हीच गोष्ट पुढं कायद्यातही आली. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांमध्ये जी भांडी अन्नासाठी अयोग्य ठरवली, त्यात 'नीट कल्हई नसलेली तांब्याची किंवा पितळेची भांडी' असं स्पष्ट कलम होतं. २०११ साली नवे नियम आले, त्यातही ते कलम राहिलं. म्हणजे बादशहाची मुदपाक असो नाहीतर स्टँडवरचं हॉटेल, नियम तोच.

पण गल्लीबोळातल्या घरी हा नियम कोण पाळत होतं? कुठला इन्स्पेक्टर येत होता? कोणी नाही. कल्हईवाला येत होता. "कल्हईऽऽऽ" अशी हाळी ऐकू आली की आजीच्या पिढीच्या बायका भांडी घेऊन बाहेर पडायच्या. तो झाडाखाली खड्डा करायचा, भाता पुरायचा. पोरं भोवती गोळा. मोठं भांडं असेल तर त्याचा पोऱ्या आत वाळू टाकून त्यात उभा राहायचा आणि कंबर हलवत पायानं घासायचा. पोरांना तो नाच वाटायचा. मग भांडं तापवायचं, नवसागर, कथील, बोळा, आणि शेवटी पाण्यात बुडवलं की 'चर्रर्र'. दोन-चार महिन्यांनी परत तोच माणूस, तेच झाड.

आता चाचांकडं जाऊ. ते आमच्या गावातले जुने कल्हईवाले. नाव घेऊ नको म्हणाले, म्हणून नुसतं चाचा. घरगुती काम आता जवळपास बंद झालंय. लग्नाच्या आणि उरुसाच्या दिवसांत मोठ्या देगा येतात, तेवढंच.

मी भगुनं पुढं केलं. त्यांनी आत बघितलं, म्हणाले, "भोत चमकरा." मला वाटलं कौतुक केलं. मग म्हणाले, "वो तार दिखा बेटा."

मी उरलेली तार दिली. त्यांनी ती कानाजवळ धरून वाकवली. मग स्वतःच्या पेटीतून कथलाची एक कांडी काढली, माझ्या कानाजवळ धरली आणि वाकवली. कांडीतून बारीक करकर असा आवाज आला! भाजलेला पापड कानाजवळ मोडावा तसा.

चाचा म्हणाले, "असली रांगा मोडे तो रोता. ये तुम्हारा रोताच नई."

हे मी नंतर तपासलं. शुद्ध कथील वाकवताना त्याच्या आतले स्फटिक झटक्यात वळतात आणि तो आवाज येतो. धातुशास्त्रातही त्याला कथलाचं रडणंच म्हणतात. शिसं बरंच मिसळलं की कथील रडायचं थांबतं. आणि माझ्या वेष्टनावरचं ते ६०/४०? साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं. ते वायर जोडायला बनवलेलं. शिशामुळं ते १८३ अंशांच्या आसपासच वितळू लागतं, शुद्ध कथलाला २३२ अंश लागतात. म्हणून तर माझं काम व्हिडिओपेक्षा सोपं झालं होतं.

शिसं आंबटात उतरतं. आणि ते कळकत नाही बरं का. तांबं निदान जिभेला सांगतं की काहीतरी बिघडलंय, शिसं काहीच सांगत नाही. हळूहळू शरीरात साठत जातं आणि सगळ्यात जास्त नुकसान लहान मुलांच्या मेंदूचं करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाची 'इतकी चालते' अशी सुरक्षित पातळीच माहीत नाही. आमच्या घरात माझ्या बहिणीचं तीन वर्षांचं पोरगं आहे. आजीनं कढी रद्द केली नसती तर त्याच्या वाटीत काय गेलं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

मी विचारलं, "चाचा, हे काढून परत करता येईल ना?" त्यांनी मान हलवली. गरम धातूवर थर नुसता चिकटत नाही, खालच्या धातूत मिसळून जोड बनवतो. म्हणून तर कल्हई टिकते. तीच गोष्ट आता उलटली होती. खरवडून, तापवून, पुसून बरंच निघेल, पण सगळं गेलं याची खात्री कोण देणार? "खाने का काम खतम इसका," चाचा म्हणाले. एवढ्या वर्षांचं भांडं माझ्या एका दुपारच्या हौसेनं स्वयंपाकघरातून बाद झालं.

थोडं खरं हेही सांगायला पाहिजे. शिसं स्वस्त, कथील महाग. त्यामुळं शिसं मिसळणारे कल्हईवालेही होते, चाचाच सांगतात. पण जो दर काही महिन्यांनी त्याच गल्लीत परत येणार आहे, त्याला फसवून जाता येत नाही. त्याच्या धंद्याची हमी कागदावर नव्हती. तो परत येणार, हीच हमी होती.

त्या दिवशी चाचांकडं आणखी एक गोष्ट शिकलो, नवसागराची. मला वाटायचं, धूर म्हणजे नुसता तमाशा. तसं नाही. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. हे आम्ल तापलेल्या तांब्यावर जमलेला ऑक्साइडचा काळा थर खाऊन टाकतं आणि स्वच्छ धातू उघडा पडतो, तेव्हाच कथील धरतं. पूर्वी पंजाबात कर्नालकडं कुंभार लोक भट्ट्यांमधून नवसागर काढायचे. आणि हाच नवसागर आमच्या शेजारी बीदरला उलट्या कामाला लागतो. उदगीरवरून पुढं गेलं की बीदर. तिथल्या बिदरी कामात जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओततात, त्यावर चांदीची तार ठोकून बसवतात, आणि शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्याचा हात देतात. जस्ताचं भांडं काळंभोर होतं, चांदी तशीच राहते. इकडं नवसागर काळं घालवतो, तिकडं काळं आणतो. कुठल्या धातूवर काय वापरतोय, यावर सगळं.

मग ही कल्हई गेली कुठं? आधी ॲल्युमिनियम आलं. १८९८ साली मद्रासच्या कला शाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली. हलकी, स्वस्त, कल्हईची गरज नाही. मग १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीनं न गंजणारं पोलाद बनवलं, आणि पुढच्या काही दशकांत ते आपल्या रुखवतापर्यंत पोचलं. बायकांनी स्टील घेतलं यात त्यांची काही चूक नाही. दर दोन-चार महिन्यांनी भांडी वाहून न्यायची कोणाला हौस असते? आजी तर म्हणते, "स्टील आलं तेव्हा सुटले मी."

तुमच्यापैकी बरेच जण मेसेज करतात, "दादा, बुलेटचे पार्ट घरी ॲनोडाइज करता येतील का?" तर तेही या गोष्टीचंच भावंड आहे. १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी समुद्री विमानांचे ॲल्युमिनियमचे भाग खाऱ्या पाण्यात खराब होऊ नयेत म्हणून ही पद्धत काढली. कल्हईत बाहेरून दुसरा धातू आणून लावतात. ॲनोडायझिंगमध्ये बाहेरचं काही येत नाही. ॲल्युमिनियमचा तुकडा आम्लात बुडवून बॅटरीच्या धन टोकाला जोडला की त्याच्या स्वतःच्याच अंगातून ऑक्साइडचा कडक थर वाढतो. स्वयंपाकघरातली ती काळपट 'हार्ड ॲनोडाइज्ड' कढई म्हणजे हेच. विजेनं दुसऱ्या धातूचा थर द्यायची पद्धत त्याच्याही आधीची. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी चांदीच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं, आणि त्यात सायनाइडचे क्षार लागायचे.

म्हणून माझं उत्तर असं. सायनाइड आणि क्रोमियमच्या आम्लाचं काम घरी अजिबात करायचं नाही, व्हिडिओ कितीही सोपा दिसू दे. ॲनोडायझिंगला बॅटरीचं ॲसिड लागतं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. ज्याच्याकडं मोकळी जागा, चष्मा, हातमोजे आणि शिकवणारा माणूस नाही, त्यानं पार्ट कारखान्यातच द्यावेत. आणि खायच्या भांड्याला हौशी हात लावायचाच नाही. कल्हई झालेलं भांडं रिकामं गॅसवर तापत ठेवायचं नाही, कारण २३२ अंशांवर थर वितळतो. आतून लाल किंवा पिवळं दिसायला लागलं की त्यात आंबट बंद.

आपल्याकडं 'मुलामा' हा शब्द जरा हिणवायलाच वापरतात. वरून सोनं, आत पितळ. पण कल्हई त्याच्या बरोबर उलटी. मुलामा बाहेरून देतात, लोकांना दिसावा म्हणून. कल्हई आतून लावतात, जिथं फक्त खाणाऱ्याचं अन्न पोचतं. माझी चूक हीच झाली. मी कल्हईला मुलामा समजलो. चमकलं म्हणजे झालं, असं वाटलं. तो थर कशाचा आहे, हा प्रश्न फक्त आजीला पडला, कारण तिनं आयुष्यभर त्या भांड्यातलं लोकांना वाढलं होतं.

आज अंगणात जो भाता ऐकलात, तो चाचांचा होता. त्यांनी घरातल्या दुसऱ्या एका तपेल्याला कल्हई केली आणि मला भाता मारायला बसवलं. कथलाची कांडी आधी आजीच्या कानाशी वाकवली. तिला आता कमी ऐकू येतं, तरी हसली. पहिल्या भगुन्याची तपासणी फुकट केली, पण तपेल्याचे पैसे पुरेपूर घेतले. आणि जाताना म्हणाले, "चार महिने बाद देख लेना."

आजीचं भगुनं आता माझ्या अवजारांच्या फळीवर आहे. त्यात खिळे आणि स्क्रू ठेवतो. काठावरचं नाव बाहेर येईल असं ठेवलंय.

तुमच्या घरात तांब्या-पितळेचं भांडं वापरात असेल तर आज आत डोकावून बघा, आणि शेवटची कल्हई कधी झाली ते घरातल्या मोठ्यांना विचारा. तुमच्या गावात कल्हईवाले अजून असतील तर त्यांची हाळी रेकॉर्ड करून पाठवा, पण आधी त्यांना विचारून. जमल्या तर सगळ्या हाळ्या एका भागात ऐकवतो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!